रिकाम्या हॉलमधले अकरा प्रेक्षक

कला अनुदान कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा दादाने फोन करून ते मला वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदाशी तो अडखळला.

"'आपल्या संस्थेने नोंदवलेल्या प्रेक्षकसंख्येबाबत या कार्यालयाकडे विचारणा झाली आहे.' ऐकलंस?"

"विचारणा कोणी केली?"

"तेच तर नाही लिहिलेलं. झाली आहे म्हणे. आपोआप. शिंक येते तशी."

तपासणी पुढच्या गुरुवारी होणार होती. त्याआधी मी येऊन वही बघावी, असं त्याचं म्हणणं होतं. "तुला आकडे कळतात," तो म्हणाला, "मला फक्त बाहुल्या कळतात."

दादाचं बाहुल्यांच्या नाटकांचं छोटं थिएटर आहे. पूर्वी तिथे कपडे धुण्याचा कारखाना होता. अजूनही दमट हवेत भिंतींना साबणाचा वास सुटतो. एकोणीस वर्षं तो, वहिनी आणि भुसाकाका अशी तीन माणसं ते चालवतात. भुसाकाका बाहुल्या कोरतात; त्यांच्या भुवयांपासून चपलेपर्यंत सगळीकडे लाकडाचा भुसा असतो, म्हणून ते नाव. हॉलचा मालक करार पुढे वाढवतो तो अनुदानाचं पत्र बघूनच. आणि तीन वर्षांचं अनुदान मिळतं ते मागच्या दोन वर्षांत खेळामागे सरासरी चाळीस प्रेक्षक असतील तरच. म्हणजे सगळं त्या वहीवर उभं होतं.

मी पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत आहे. नळाच्या पाण्याचे थेंब काचेच्या बशीत उबेत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथे उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचे, हे माझं काम. सव्वीस वर्षं मी ठिपके मोजते आहे. दादा मला मोजपट्टी म्हणतो.

शनिवारी सकाळी मी वही घेऊन बसले. दोन वर्षं, शहाण्णव खेळ, सगळे आकडे दादाच्या अक्षरात, पेन्सिलीने. पेन्सिल बघून माझ्या मनात शंकेची पहिली पाल चुकचुकली. प्रयोगशाळेत पेन्सिलीने लिहिलेला आकडा आम्ही धरतच नाही.

पण मनाने आकडे लिहिणारा माणूस ओळखू येतो. तो शेवटी शून्य आणि पाच टाळतो, ते त्याला फार गुळगुळीत वाटतात. एकच आकडा लागोपाठ लिहायला घाबरतो. दादाच्या वहीत शून्यं होती, पाच होते, एका आठवड्यात तर तिन्ही खेळांना एकेचाळीस. सरासरी निघाली साडेचव्वेचाळीस. मला हायसं वाटलं, आणि मी पानं मागे-पुढे चाळत राहिले, नुसती सवय म्हणून.

तेव्हा ते दिसलं. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला पडेल खेळांचे आकडे होते: चार, सात, सहा. हळूहळू ते वर सरकत गेले होते, आणि शेवटच्या वर्षभरात एकही आकडा एक अंकी नव्हता. थिएटर फार चालायला लागलं म्हणावं, तर गर्दीच्या दिवसांचे आकडे चौसष्टाच्या वर जात नव्हते, कारण खुर्च्याच चौसष्ट. वरचं टोक जागच्या जागी, आणि तळ मात्र वर येत होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

वहिनी मागच्या खोलीत एका बाहुलीच्या बाहीला अस्तर लावत होती. मी वही तिच्यासमोर धरली.

"वहिनी, तीन महिन्यांपूर्वी बसचा संप होता, त्या रविवारी खेळ केला होता का आपण?"

"केला की. विसरेन कशी? दोघीच आल्या होत्या. बहिणी बहिणी होत्या, चालत आल्या बिचाऱ्या. खेळ झाल्यावर मी त्यांना आत बोलावून चहा दिला."

"दोघीच? नक्की?"

"अगं, दोन कप विसळले मी."

"इथे तेरा लिहिलेत."

वहिनीची सुई थांबली. तिने आकडा बघितला, मग दाराकडे बघितलं. दादा काळ्या पडद्यामागे दिव्यांशी काहीतरी करत होता.

"अक्षर त्याचंच आहे," ती हळूच म्हणाली. थोडा वेळ तिने टाके घातले. मग दोरा दाताने तोडून म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"ती विचारणा तू तर केली नाहीस ना?"

"मी? मी कशाला करू?"

"मागे जेवताना तूच म्हणाली होतीस, हॉल रिकामा वाटतो हल्ली. आणि तुझा स्वभाव असा. दुकानदाराने दोन रुपये जास्त परत दिले तर अर्धा रस्ता मागे जाणारी बाई तू."

मी नाही म्हटलं. तिने मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. निघताना वही पिशवीत टाकली तर म्हणाली, "वही इथेच राहू दे." मी ठेवून आले.

रविवार वाईट गेला. खोटे आकडे लिहिणारा दादा मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हता, पण तेराचा आकडा मात्र आणता येत होता. सोमवारी कामावर रोजच्यासारखी मी पहिली बशी मांडली, शुद्ध पाण्याची. ती आम्ही रोज मांडतो. शुद्ध पाण्यात एकही ठिपका उगवायला नको. उगवला, तर नळाला दोष द्यायच्या आधी आपली बशी, आपला हात, आपली पद्धत तपासायची. हे मी नव्या मुलींना शिकवते. भावाच्या बाबतीत मात्र मी सरळ नळाकडे बोट केलं होतं.

संध्याकाळी मी थिएटरवर गेले.

"दादा, तू माणसं मोजतोस कशी? मला करून दाखव."

"आत्ता? हॉल तर रिकामा आहे."

"म्हणूनच."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला जीभ दाखवायला सांगितली होती. पण दिवे खेळाच्या वेळेसारखे लावले आणि आम्ही दोघं काळ्या पडद्यामागे जाऊन उभे राहिलो. तिथे डोळ्यांच्या उंचीवर बोटभर चीर आहे. तिकिटं नव्हती, दाराशी एक पेटी होती, ज्याला जे जमेल ते टाकावं. वहिनीला सुरुवातीआधीच पडद्यामागे यावं लागे, उशिरा येणारे त्यानंतर येत. म्हणून मोजणी खेळाच्या मध्यावर, चिरीतून. अंधारात माणूस दिसत नाही. पण खुर्च्यांच्या पाठी पिवळ्या रंगवलेल्या आहेत, आणि रिकाम्या खुर्चीची पिवळी पाठ अंधारातही उजळ दिसते.

"माणसं मोजतच नाही मी," दादा म्हणाला, "रिकाम्या खुर्च्या मोजतो. चौसष्टातून वजा करायच्या. एका हातात बाहुली असते, दुसऱ्याने पेन्सिल धरायची. शाईचं पेन उलटं धरलं की चालत नाही." तो चिरीला डोळा लावून पुटपुटत राहिला. "...एकावन्न, बावन्न, त्रेपन्न. चौसष्टातून त्रेपन्न गेले, राहिले अकरा."

तो थांबला.

"हॉलमध्ये कोण आहे, दादा?"

"तू."

"मी तुझ्या शेजारी उभी आहे."

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा. मग तो पडद्याच्या बाजूने पुढे आला आणि हॉलच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला. तिथे तो किती वर्षांनी आला होता कोण जाणे. तो मागच्या दाराने येतो, मागच्या दाराने जातो. एकोणीस वर्षं त्याने आपलं थिएटर बघितलं ते बोटभर चिरीतून, पाठीमागून. बोट लावून मोजल्या तेव्हा खुर्च्या त्रेपन्न भरल्या. रांगा मात्र भरलेल्या दिसत होत्या. दोन खुर्च्यांमधलं अंतर कोणीतरी जरा जरा वाढवत नेलं होतं.

"चोरी!" दादा म्हणाला. "विचारणा करणारा आणि खुर्च्या नेणारा एकच. बघ तू."

"हॉल कोण मांडतं?"

"भुसाकाका."

भुसाकाका कामाच्या टेबलाशी होते. आम्ही दोघं दारात उभे राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही. पत्र आल्यापासून ते असेच होते, वहिनीने नंतर सांगितलं.

"काका, अकरा खुर्च्या कमी आहेत."

"खुर्च्यांचं मला काय विचारता? मी बाहुल्यांचा माणूस."

"हॉल तुम्हीच मांडता ना?"

"मांडतो. आहेत तेवढ्या मांडतो." मग त्यांनी पटाशी खाली ठेवली. "बघा, ज्या डुगडुगत होत्या त्याच घेतल्या. धडधाकट खुर्चीला हात लावला असेल तर हा हात झडेल."

"घेतल्या म्हणजे? कशाला?"

काकांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्यांना बाहुल्या टांगलेल्या होत्या. राजा, त्याचा प्रधान, म्हातारी, दोन चोर, वकील, अशा दोन वर्षांतल्या अकरा.

दोन वर्षांपूर्वी अनुदान कार्यालयाने लाकडाची रक्कम कापली होती. लाकूड हे कच्चं साहित्य, कलाविषयक खर्च नव्हे, असा शेरा होता. तेव्हा दादा काकांना म्हणाला होता, असेल त्यात भागवा. काकांनी असेल त्यात भागवलं. जुन्या खुर्च्या चांगल्या जड लाकडाच्या. एकीच्या पायांत दोन हात आणि एक डोकं बसायचं.

"सांगायचं तरी होतंत, काका!"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरातलं काहीतरी विकून लाकूड आणलं असतं. मागे वहिनींचं शिवणयंत्र विकलंत तसं."

दादाने वकिलाला खाली उतरवलं आणि त्याच्या कोटाला हात लावला. मला वाटलं आता तो ओरडेल, पण तो हसायला लागला. "म्हणजे संपाच्या दिवशी आमचा खेळ बघायला दोन बहिणी, आणि हे अकरा जण! पडद्याच्या दोन्ही बाजूंनी काम केलं की यांनी."

मला हसू आलं नाही, कारण मी तोवर एक बाहुली उलटी केली होती. काका प्रत्येक बाहुलीच्या तळपायावर ती पुरी झाल्याची तारीख कोरतात. अकरा तारखा. कुठल्या खेळाला किती खुर्च्या कमी होत्या, हे सगळं काढता येत होतं.

मंगळवारी मी तो तक्ता करून नेला. दुरुस्त सरासरी साडेअडतीस.

वहिनीने कागद वाचला आणि उपडा ठेवला. दादाने तो सरळ केला.

"दीड माणूस," तो म्हणाला. "दीड माणसासाठी एकोणीस वर्षं?"

"नियम चाळीसचा आहे."

"आणि मांडीवरची पोरं? ती तर कधी मोजलीच नाहीत आपण! आईच्या मांडीवर बसलेलं पोर खुर्ची अडवत नाही. म्हणजे ती तेवढी माणसं जास्त, बरोबर?"

"बरोबर. किती होती?"

"बरीच."

"बरीच हा आकडा नाही, दादा."

"तुला माणसाच्या पोरापेक्षा जंतूंची पोरं जास्त कळतात!" त्याने कागदावर थाप मारली. "आकडा खोटा नव्हता. चुकला होता. चूक आणि खोटेपणा यात फरक आहे की नाही?"

"कालपर्यंत चुकला होता. आता माहीत असून तोच दिलास, तर खोटा होतो."

"हात दाखवून अवलक्षण," वहिनी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "विचारणा करणाऱ्याला हेच हवं असेल."

दादाने कागदाची चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "संस्था माझी आहे. सही माझी आहे. बघतो."

देणार की नाही, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तक्त्याची दुसरी प्रत माझ्या पिशवीत होती. ती कशासाठी बरोबर ठेवली होती, हे मला त्या वेळी स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. हॉलमध्ये शिरले आणि पाय जागीच थबकले. रांगा गच्च होत्या. मी मोजल्या. चौसष्ट.

दादा पुढच्या रांगेशी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. खिसा सपाट दिसत होता. माझी नजर टाळून तो म्हणाला, "बाई आल्याच आहेत."

तपासनीस बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला, हातात पाटीला लावलेले कागद. त्यांनी वही बघितली, पेन्सिल बघून काही बोलल्या नाहीत, पण कागदावर काहीतरी लिहिलं. चिरीतून बघितलं. मग रांगांतून हळूहळू फिरत त्या खुर्च्या मोजायला लागल्या. मोजताना प्रत्येक पाठीवर बोट टेकवत होत्या. मागून तिसऱ्या रांगेत त्यांचं बोट थांबलं.

त्यांनी बोट वर धरलं. ते पिवळं झालं होतं.

"रंग ओला आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी शेजारच्या खुर्चीला बोट लावलं, मग तिच्या शेजारच्या. ती कोरडी होती. रुमालाने बोट पुसत त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं, आणि मला प्रयोगशाळेची आठवण झाली. आपण भिंगाखाली आलो की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"मी आणल्या," भुसाकाका पुढे आले. त्यांच्या भुवईला पिवळा थेंब होता. "भंगारवाल्याकडून. माझ्या पैशाने. मी नेल्या होत्या, मीच भरून दिल्या. साहेबांना काही माहीत नव्हतं."

"कुठे नेल्या होत्या?"

"बाहुल्यांत."

बाईंनी कागदावर पेन टेकवलं आणि काही लिहिलं नाही. त्या दादाकडे वळल्या. तेव्हा दादाने मागच्या खिशातून चौपदरी कागद काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"हा खरा हिशेब. सरासरी साडेअडतीस."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. दोनदा वाचला. "तुम्ही स्वतःच आकडा कमी करून देताय? चाळीसच्या खाली?"

"हो."

"बावीस वर्षं मी तपासणी करते. स्वतःहून कोणी आकडा कमी करत नाही." त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. "याच्यामागे काय आहे?"

"काही नाही."

"मग खुर्च्यांना आज सकाळी रंग का लागला?"

मी पुढे होऊन बाहुल्या दाखवल्या. बाईंनी अकराही तळपाय भिंग लावल्यासारखे जवळून वाचले, तक्त्याशी ताडून बघितले. चोराच्या पायावरची एक तारीख त्यांनी नखाने खरवडली, कोरीव काम ताजं आहे का बघायला. मग "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ आम्हाला चार आठवडे लागला नाही.

जाताना दादाने त्यांना दारात विचारलंच. "बाई, ही विचारणा कोणी केली होती?"

"ते सांगता येत नाही."

"निदान एकाच माणसाने केली की..."

"विचारणा झाली होती की नाही, हेही सांगता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरल्या.

पत्र आलं ते एका वर्षाचं. तीन नाही. अट अशी की यापुढे नंबर घातलेली तिकिटं फाडायची आणि दाराशी कार्यालयाचा माणूस बसेल. मालकाने कुरकुरत एका वर्षाचा करार केला. त्यापुढचं त्यापुढे.

भुसाकाका मला भेटले की मान खाली घालतात. वहिनी बोलते, पण तिच्या बोलण्यात आता हातचं राखलेलं असतं. त्या विचारणेचं तिच्या मनातून गेलेलं नाही. गेलं असेल तर माझ्याजवळ तसं म्हणालेली नाही.

नव्या हंगामाच्या पहिल्या रविवारी मी पुढच्या दाराने गेले. वहिनी छोट्या टेबलाशी तिकिटं घेऊन बसली होती. तिच्याशेजारी कार्यालयाचा माणूस मोजणीचं यंत्र धरून बसला होता, प्रत्येक माणसाला एकदा खट्.

"तू मागून ये ना," वहिनी म्हणाली.

"नको. तिकीट दे."

तिने दिलं. सत्तावीस नंबर. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे, बहुधा आमच्या चेहऱ्यांत काही नातं आहे का ते बघायला. मग यंत्र दाबलं. खट्.

दादा पडद्याच्या बाजूने डोकावत होता. मला बघून तो खाली उतरून आला आणि माझ्या खुर्चीपाशी वाकला.

"आकडा वाढवायला आलीस?"

"नाटक बघायला."

"खरं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मला ते खात्रीने सांगता येत नव्हतं. मग मीच विचारलं. तपासणीच्या दिवसापासून जिभेवर होतं.

"दादा, रंग ओला नसता, तर तू तो कागद काढला असतास?"

तो वाकलेलाच राहिला. हातातल्या बाहुलीचे हात त्याच्या बोटांत गुंतले होते, ते त्याने सोडवले.

"मलाही तेच विचारायचं होतं," तो म्हणाला. "तू प्रत्येक तक्त्याच्या दोन प्रती काढतेस. त्या गुरुवारी दुसरी तुझ्या पिशवीत होती ना?"

मी हो म्हणाले. तो सरळ झाला. दाराशी आणखी दोनदा खट् झालं, आणि तो दिवे घालवायला गेला.